मिटलेली चोच

माझ्या वडिलांचं बारसं झालं तो १९१८चा उन्हाळा. बारशाला पाहुणे फार, म्हणून वडिलांची मोठी बहीण, आमची सत्यभामा आत्या, दुसऱ्यांदा घागर घेऊन कपिलधारेच्या कुंडावर गेली. तिथं काळ्या फडक्याखाली काहीतरी वाकलेलं हललं. तिनं दगड उचलला.

"मारू नका… माणूस हाय," फडक्यातून आवाज आला.

"मग माणसावानी उभं ऱ्हावा."

तो राधाकिशन. बीडच्या पेठेत मामाच्या फोटोच्या दुकानात कामाला. अंमलदारांचे फोटो काढून कंटाळला, की कॅमेरा घेऊन इथं यायचा, दयाळ पक्ष्यासाठी. काळापांढरा दयाळ उंबरावर बसून गात होता. यांच्या बोलण्यानं तो उडाला.

"उडवलात न्हवं? आता फोटो बघायला तरी या."

पुढल्या बाजारी त्यानं फोटो आणला. आत्यानं हात पुसून पदरातच धरला.

"डोळा कुठाय ह्याचा? काळ्यात काळा बुडाला."

"उजेड मागं होता."

"मग तुमी म्होरं कावून न्हाई गेलात?"

पुढच्या फोटोत डोळ्यात उजेडाचा ठिपका होता, पण शेपटीवर काटकी आडवी. काटकी गेली तर पोट नुसतं चुना फासल्यासारखं. तो ऐकून घ्यायचा, हसायचा, पुन्हा यायचा. खोट काढली की तो येतो, हे आत्याला कळलं होतं. त्यालाही.

आषाढात त्यानं एक फोटो आणला. शेपटी उभी, डोळा जिवंत, पंखावरची पांढरी रेघ स्वच्छ.

"ह्यात खोट न्हाई म्हणा," तो हळूच म्हणाला, "की उद्याच तुमच्या दादांकडं येतो… मागायला."

काय मागायला, हे विचारायची गरज नव्हती. जात एकच होती, दादांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, नाही म्हटलं नसतं. धारूरचं एक स्थळ नुकतंच बघूनही गेलं होतं. पण खोट नाही म्हणायचं, म्हणजे आपल्याच तोंडानं हो म्हणायचं. आत्याचे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली, "चोच मिटलेली हाय. गाताना पाहिजे."

तो फोटोकडे बघत राहिला. "खरं हाय."

त्यानंतर तो कितीदा तरी आला. पावसानं दगा दिलेला, धार दोऱ्याएवढी झालेली. दयाळ दिसायचा, पण त्याचं गाणं वर्षापुरतं सरलं होतं. श्रावण संपता संपता आत्याच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मिटलेली चालंल मला."

"मला न्हाई चालायची. तुमी बरोबर बोललात. आता त्यो चैत्रातच गाईल."

"चैत्र लई लांब हाय."

"थांबाल?"

"ते काय सांगावं लागतंय व्हय…"

धारूरच्यांचा होकार आला. आत्यानं जेवण सोडलं, तेव्हा दादांनी धारूरला नकार कळवला. जेवण का सोडलं, ते तिनं तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. घरोघरी माणसं आडवी. एक दिवस तिचे चुलते बंकटराव बीडहून आले आणि पाय धुता धुता म्हणाले, "निम्मी पेठ बंद हाय. त्यो फोटोवाला, मामा-भाचे दोघंबी गेले."

आत्या भाकरी थापत होती. तिनं ती तव्यावर टाकली आणि पुढची थापायला घेतली.

पुढल्या वर्षी धारूरच्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी ती जेवत राहिली.

राधाकिशन १९१८च्या आश्विनात बीडला वारला. सत्यभामा आत्या धारूरला, सासरी, १९६१च्या पौषात वारली.