चिखलाची सूट

गोदामाच्या फाटकातून बाहेर पडलं की डावीकडे वजनकाटा आणि समोर सीमेचा अडसर. या दोहोंमधला रस्ता म्हणजेच ते गाव, असं म्हटलं तरी चालेल. पंक्चरवाला, ताडपत्र्या शिवणारा, दोन चहावाले, परकं चलन बदलून देणाऱ्यांच्या टपऱ्या, आणि एजंटांची ऑफिसं, ज्यांच्या पाट्या ऑफिसांपेक्षा मोठ्या. पलीकडचे ट्रक माल घेऊन येतात, काट्यावर भरलेलं वजन देतात, गोदामात रिकामे होतात, पुन्हा काट्यावर येऊन रिकामं वजन देतात आणि परत जातात. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की मालाचं वजन निघतं, आणि त्यावर जकात. गावाचं पोट या वजाबाकीवर चालतं.

काटा माझे भाऊजी चालवतात. मी वजनमापांचा निरीक्षक आहे. नातेवाइकाच्या काट्याची तपासणी करू नये असा नियम आहे. पण त्या भागात निरीक्षक मी एकटाच, त्यामुळे तो नियम आणि मी एकमेकांना ओळख दाखवत नाही.

त्या वेळी मी गेलो तो तक्रारीवरून. जकात खात्याचं म्हणणं होतं की हा काटा एका ट्रकचं रिकामं वजन दर खेपेला जास्त दाखवतो. रिकामं जास्त म्हणजे माल कमी, म्हणजे जकात बुडाली. एकाच ट्रकचं. बाकीच्यांचं बरोबर.

इथे काट्यावरची एक रीत सांगायला हवी. प्रत्येक ट्रकचं रिकामं वजन त्याच्या दारावर रंगवलेलं असतं. पण ट्रक काही तराजूत जन्माला आलेला नसतो. चाकांना माती लागते, ताडपत्री भिजते, एखादा दोरखंड वाढतो. म्हणून सुई दारावरच्या आकड्यापेक्षा दोन-तीन रेघा पुढे गेली, तर काटेवाला ‘चिखल’ म्हणतो आणि हात वर करून ट्रक सोडतो. याला चिखलाची सूट म्हणतात. ती कुठल्याही नियमावलीत नाही आणि प्रत्येक काट्यावर आहे.

ताई आणि भाऊजींना एकच मुलगी होती. तिला सगळं गाव ठकू म्हणायचं. काट्याची केबिन, गोदामाचं अंगण आणि ट्रकच्या केबिन ही तिची तीन घरं. वजन घेताना ट्रकमध्ये कुणी बसलेलं चालत नाही, म्हणून भाऊजी खिडकीतून ओरडायचे, “उतराऽ!” मग ड्रायव्हर उतरायचा, क्लीनर उतरायचा आणि त्यांच्यामागून ठकू. चालत्या ट्रकमधून तिने उडी मारू नये, म्हणून भाऊजींनी तिला पक्कं शिकवलं होतं: मी ‘उतरा’ म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

पाच वर्षांपूर्वी एका दुपारी पलीकडचा एक ट्रक रिकामा होऊन काट्यावर आला. ड्रायव्हर आधीच उतरून चहा पीत होता, क्लीनर अडसराजवळ कागद दाखवत होता. केबिन रिकामी दिसत होती. भाऊजी ओरडले नाहीत, ओरडायचं कुणासाठी? सुई तीन रेघा पुढे थांबली. आदल्या रात्री पाऊस झालेला. भाऊजी म्हणाले, “चिखल,” आणि हात वर केला.

संध्याकाळी ठकूची शोधाशोध सुरू झाली. एका हमालाने सांगितलं, ती मागच्या बाजूने त्या ट्रकवर चढताना त्याने पाहिली होती. ‘उतरा’ झाल्यावर उतरली असेल असं त्याला वाटलं. पलीकडे निरोप गेला. पलीकडच्या लोकांनी त्यांच्या अडसरापाशीच ट्रक उघडून पाहिला होता. आत गुंडाळलेली ताडपत्री होती, बाकी काही नव्हतं. दोन अडसरांमध्ये सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंना कुंपण आहे. तिथे ट्रक थांबत नाही, थांबलाही नव्हता. दोन्हीकडच्या शिपायांनी तो रस्ता चाळणीने चाळावा तसा शोधला.

त्या दिवसापासून भाऊजींनी ओरडणं सोडलं. केबिनच्या खिडकीत एक घंटा आली.

तक्रार आली तेव्हा मी सकाळीच प्रमाण वजनं घेऊन पोचलो. ताई केबिनमध्ये स्टुलावर बसली होती. काट्याच्या तबकडीसमोर. केस विंचरलेले, पातळ धुतलेलं.

“आलास?” ती म्हणाली. “काटा बिघडलाय असं कळलं म्हणून आलास, बहीण जगलीय का ते बघायला नाही.”

“दोन्ही बघतो.”

“काटा बघ. तो चांगला आहे.”

मी काटा तपासला. चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली, मधे ठेवली, चढवत नेली, उतरवत आणली. प्लॅटफॉर्मच्या फटी साफ केल्या. खाली उतरून दांडे पाहिले, त्यांच्या धारा बोटाने चाचपल्या. इतका नेटका काटा माझ्या हाताखालून फार गेलेला नाही. भाऊजी तेल घालतात तेही मोजून.

ताडपत्रीवाल्याच्या दुकानामागे भाऊजींनी मला गाठलं. 

“नापास कर,” ते म्हणाले.

“बरोबर आहे काटा. नापास कसा करू?”

“तुझा काटा बरोबर आहे रे, माझं घर बरोबर नाही.” त्यांनी खिशात हात घातला, काही न घेता बाहेर काढला. “ती इथून हलत नाही. तो ट्रक यायचा असला की सकाळपासून तयार होऊन बसते. लग्नाच्या दिवशी बसली नव्हती अशी. काटा बंद झाला, तर घरी येईल. चार घास खाईल.”

“एकाच ट्रकचं वजन का वाढतं, भाऊजी?”

“चिखल,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

मी केबिनमध्ये परतलो. ताईने माझ्यासाठी चहा मागवून झाकून ठेवला होता. 

“काय म्हणाले? बंद करायला सांगितलं ना?”

मी पेल्यावरचं झाकण काढलं.

“त्यांचं बरोबर आहे. त्यांना बघवत नाही.” तिने तबकडीच्या काचेवरची धूळ पदराने पुसली. “आधी तीन रेघा असायच्या. मागच्या वर्षी चारच्या वर गेली. आता पाच. वाढतंय रे.”

“काय?”

“वजन. या वयात मुलं वाढतातच.”

बाहेर कुणीतरी टायरवर हातोडा मारत होतं. मी चहा प्यायलो. तो केव्हाच गार झाला होता, आणि तरी मी तो फुंकून प्यायलो, हे मला पेला ठेवताना कळलं.

“ट्रकमध्ये चढून बघितलंस?”

“दर वेळी बघते. हाका मारते. माझ्या हाकेला नाही उतरत. बाबांनी म्हटल्याशिवाय हलायचं नाही ना.” ती खिडकीबाहेर बघू लागली. “मी त्यांना सांगते, अहो, एकदा म्हणा. एवढंच म्हणा. ते घंटा वाजवतात.”

ट्रक दुपारी रिकामा होऊन आला. ड्रायव्हर तोच, पूर्वीचाच. उंचीमुळे त्याला इकडे सगळे शिडी म्हणतात. त्याच्यासोबत क्लीनर नव्हता. त्या ट्रकवर क्लीनर टिकत नाहीत. शिडी ताईला लांबूनच “वहिनी, बरंय ना?” म्हणाला आणि ट्रक प्लॅटफॉर्मवर लावून उतरला. भाऊजींनी घंटा वाजवली.

सुई चढली, डुलली आणि दारावरच्या आकड्यापुढे पाच रेघांवर आली.

मी चाकं धुवून घेतली. ताडपत्री काढून रस्त्यावर टाकली. दोरखंड, जॅक, स्टेपनी, सीटखालची हत्यारं, पाण्याचा कॅन, सगळं खाली. चेसिसखाली आडवा होऊन बॅटरीचा उजेड फिरवला.

“साहेब,” शिडी म्हणाला, “माझ्या सासऱ्याने मुलगी देताना मला एवढं तपासलं नव्हतं.” पण तो हसला नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, “येताना मीसुद्धा मागे बघत नाही. कशाला खोटं बोलू?”

काढलेलं सगळं सामान दारावरच्या आकड्यातून वजा करून मी हिशेब केला. ट्रक मोकळा होता. सुई हिशेबापेक्षा पाच रेघा पुढेच होती.

आणि ती स्थिरही नव्हती. पोती असोत, लोखंड असो, लाकूड असो, निर्जीव वजनावर सुई डुलते आणि थांबते. गुरांचा ट्रक असेल तर ती थांबत नाही. अगदी बारीक, रेघेच्या आतल्या आत हलत राहते. आम्हा लोकांना ती हालचाल बघताक्षणी कळते. वारा नव्हता. इंजिन बंद होतं. मी काचेला नाक लावून पाहत होतो, आणि सुई श्वासाइतकी वर-खाली होत होती.

काटा बरोबर होता. ट्रक रिकामा होता. या दोन वाक्यांखाली मला एकत्र सही करता येत नव्हती.

मी बॅगेतून तार आणि शिसं काढलं. सील करायचं म्हटलं की काटा चालू नाही, मग वर निर्णय होईपर्यंत तो तसाच. ताईने तार पाहिली. ती रडली नाही. उठून भाऊजींसमोर उभी राहिली.

“अहो, आता शेवटचं आहे. म्हणा.”

“अगं, काय म्हणू?”

“तुम्हाला माहितीये.”

“तिथे कुणी नाही.”

“नसू दे. मग म्हणायला काय जातं?”

काय जात होतं ते मला दिसत होतं, तिलाही दिसत असणार. तो शब्द तोंडातून निघाला, की त्या दुपारी ट्रकमध्ये कुणीतरी होतं हे कबूल केल्यासारखं झालं. सुईने ते सांगितलं होतं. आणि त्यांनी हात वर केला होता. पाच वर्षं एका शब्दावर माणूस उभा होता, तो चिखलच निघाला, तर पाय ठेवायचे कुठे?

भाऊजी तबकडीकडे बघत राहिले.

“मी ओरडायला हवं होतं,” ते म्हणाले. “ड्रायव्हर खाली होता, म्हणून नाही ओरडलो. ती आत बसून वाट बघत होती. मी ‘चिखल’ म्हटलं, तेसुद्धा तिने ऐकलं असेल.”

ताईने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

भाऊजी खिडकीशी गेले. त्यांनी घसा साफ केला.

“उतराऽ!”

मग हळू, “उतर बाळा.”

सुई खाली आली नाही.

शिडीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो ट्रकमध्ये चढला, इंजिन सुरू केलं आणि ट्रक प्लॅटफॉर्मवरून पुढे काढला. पुढची चाकं उतरली, मग मागची. सुई सरसर खाली आली.

शून्यावर आली नाही.

पाच रेघांवर थांबली.

प्लॅटफॉर्म मोकळा होता. लोखंडी पत्र्यावर ऊन पडलं होतं. चाकं धुतलेल्या पाण्याचे ओघळ वाळत होते. त्याखेरीज काही नव्हतं.

“थांब हं,” ताई म्हणाली. “मी आले.”

ती चपला काढून पत्र्यावर चढली. सुई तिच्या वजनाने वर गेली. ती मधोमध पोचली, वाकली. सावकाश सरळ झाली, एक पाऊल मागे टाकून तोल सावरला आणि तशीच कडेपर्यंत चालत आली. 

मी तबकडीकडे बघत होतो. ती खाली उतरली आणि सुई शून्यावर येऊन बसली.

भाऊजींनी तिच्या चपला उचलल्या. दोघं घरच्या रस्त्याला लागली. ताई अगदी हळू चालत होती, आणि भाऊजी तिच्यापुढे जाऊन रस्त्यातले दगड पायाने बाजूला करत होते.

मी सील केलं.

त्यानंतर ताई काट्यावर गेली नाही. भाऊजी म्हणाले होते तशी ती घरी राहू लागली, चार घासही खाऊ लागली. पण थंडीत तिची कंबर धरली. उजवा खांदा खाली गेला, खुबा एका बाजूला निघाला. मनगटं काडीसारखी झाली. मी आणि भाऊजी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टर म्हातारे, बोलके. “काय उचलता एवढं? पाण्याच्या घागरी? नवऱ्याला सांगा, त्याला काय हात नाहीत?” त्यांनी तिला कोपऱ्यातल्या वजनाच्या यंत्रावर उभं केलं, चष्मा वर केला, खाली केला. “हाडं वर आलीत, आणि वजन एवढं? अहो, तुम्ही यातलेच ना? जरा बघा बरं.”

मी वाकलो. यंत्र समपातळीत होतं. मघाशी मोकळं असताना त्याचं शून्य मी सवयीने पाहिलंच होतं. ताई निश्चल उभी होती, डोळे मिटून, दमलेली.

“बिघडलंय,” मी म्हणालो.

“तरी म्हटलं,” डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला वळले.

भाऊजी भिंतीपासून पुढे आले. 

“दमलीस,” ते म्हणाले. “दे आता थोडा वेळ माझ्याकडे. जागी नाही होत ती.”

ताईने डोळे उघडले. क्षणभर विचार केला आणि भाऊजींकडे वळली.

यंत्राची सुई घसरली. भाऊजींनी खांदा जरा मागे घेतला, तोल सावरला आणि दार पायाने उघडलं.