दोराचं दुसरं टोक

हातमोजा घालण्याआधी शर्वाणी परुळेकर हात कोमट पाण्याने धुवायची. गार हात लागला की लेकराची कातडी लाजाळूसारखी मिटते, आणि मिटलेली कातडी काही सांगत नाही.

सकाळचे अकरा वाजले होते. खाडीकाठच्या तालुक्याच्या बालन्यायालयात चटईवर बसून साडेतीन वर्षांची जुई चुरमुऱ्यांचा एकेक दाणा उन्हाच्या कवडशात मांडत होती. समोरच्या बाकावर तिची आई, मयुरी कुबल, ओढणी मुठीत आवळून बसली होती. एकवीस दिवसांनी मायलेकी एकमेकींना बघत होत्या. निकाल लागेपर्यंत शिवायचं मात्र नाही, असा नियम होता.

सहा वर्षांखालच्या मुलांना साक्षीला उभं करायचं नाही, असा कायदा होऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्याऐवजी त्यांची त्वचा बोले. मज्जातंतूंच्या टोकांशी शेवटच्या शंभर दिवसांतले स्पर्श पुसट का होईना, उरलेले असतात, असं आता कळलं होतं. स्पर्शमोजा ते उचलून घेई आणि वाचणारीच्या अंगावर पुन्हा उमटवी. सोबत यंत्र एक कागदही काढी. त्याला स्पर्शलेख म्हणत: कुठे माया, कुठे मार, कुठे बंधन, किती वेळ.

जुईचा स्पर्शलेख छोटा होता. मार नाही. ओहोटीच्या वेळी रोज दोन तास कमरेला बंधन. त्या वेळात मानवी स्पर्श नाही. खाडीत फिरायला आलेल्या एका पाहुण्याने होडीत एकटी, दोराने बांधलेली पोर पाहिली, चढतं पाणी पाहिलं, तिला उचललं आणि तक्रार केली. स्पर्शलेखाखाली सही शर्वाणीची होती. त्या सहीवर जुई बालगृहात गेली. आज अखेरचं वाचन, आणि मग निकाल: पोर आईकडे, की अठरा वर्षांची होईपर्यंत सरकारकडे.

"घाई नाही, परुळेकरबाई," न्यायाधीश देवस्थळी म्हणाले. "पण माझा नातू म्हणतो, आजोबा, तुमच्या कोर्टात पोरांना आंब्यासारखं चाचपून बघतात. म्हटलं, हो बाबा, पण पिकलंय की नाही ते तेवढ्यानंही कळत नाही."

मयुरी हसली नाही. शर्वाणीने जुईच्या पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

आधी आलं मीठ. मग ऊन, पाठीवर सांडलेलं. मग हेलकावा, कुणी पाण्याच्याच मांडीवर घेतल्यासारखा. कमरेभोवती जुन्या लुगड्याचा मऊ पीळ. 'बंधन,' यंत्र कानाशी पुटपुटलं. मागच्या वेळी शर्वाणी इथेच थांबली होती. त्या दिवशी आणखी चार मुलं वाचायची होती. आज ती थांबली नाही.

पीळ हलला. दोनदा, हळूच. जरा वेळाने पोरीनेच उलट ओढला, एकदा. मग पाणी, मग ऊन, मग पुन्हा दोनदा आणि एकदा. जशी एकीने गाण्याची ओळ टाकावी आणि दुसरीने अलगद उचलावी.

"मयुरी," तिने डोळे न उघडता विचारलं, "दोराचं दुसरं टोक कुठे असतं?"

"पाहुण्याने काढलेल्या फोटोत तर खुंट दिसतोय," न्यायाधीश म्हणाले.

"खुंटाक होडी बांधतंव, सायबानू. दोर माझ्या कमरेक. आमच्या सगळ्या बायांची रीत ती. पाण्यात वाकान चिखलातले तिसरे, शिंपले ते, चाचपताना पोराकडे बघूक गावत नाय. मगे दोनदा ओढूचो, म्हणजे 'आसस गो?' तिणा एकदा ओढल्यान, म्हणजे 'आसंय.'"

"हे आधी का नाही सांगितलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कोणी इचारूकच नाय. 'पोराक बांधलंस काय?' इचारल्यानी. बांधलंय, म्हणान सांगलंय."

 वाचन अजून संपलं नव्हतं. पाहुण्याने पोरीला उचललं, तो शेवटचा दिवस उरला होता.

त्या दिवशी दोर आधी ताठ झाला. होडीच्या काठापर्यंत पोर ओढली गेली, काठ बरगड्यांना रुतला. आणि एकाएकी सारं सैल. पोरीने ओढलं. उत्तर नाही. पुन्हा ओढलं, पुन्हा, चौथ्यांदा. आणि ओला दोर सरसरत सगळाच तिच्या हाती आला. टोकाला कुणी नव्हतं.  एवढं गिळून टाकलं तर पोर आज घरी जाईल, असं शर्वाणीच्या मनात आलं. एकदा तिने कातडीचं अर्धंच ऐकलं होतं. तिने सगळं सांगितलं.



"गाठ मीच सोडलंय," मयुरी म्हणाली. "चिखलात रुतलंय. छातयेपर्यंत. दोर ताणलो तसा चेडू, माझा पोर, होडीच्या काठार येवक लागला. अजून रुतलंय असतंय तर ता पण इला असता माझ्यावांगडा. म्हणान सोडलंय."

"याला साक्षीदार?"

"मी!" दारातून आवाज आला. मयुरीसोबत खाडीत उतरणाऱ्या बाया व्हरांड्यात उभ्या होत्या; त्यांतली म्हातारी आनंदीकाकी शिपायाला कोपराने सारत आत शिरली. "होडीची फळी टाकून मीच खेचलंय तिका बाहेर. माझो खांदो अजून वर जाणा नाय. घालून बघा तुमचो मोजो!"

न्यायाधीशांनी खरंच बघायला सांगितलं, आणि काकीच्या खांद्यात ते ओझं शर्वाणीला सापडलं. मोठ्यांच्या त्वचेची साक्ष कायद्यात बसत नव्हती. तरी त्यांनी ती नोंदली. मग चष्मा काढून त्यांनी निकाल सांगितला. हयगयीचा आरोप रद्द. जुई आजच आईकडे. ओहोटीच्या वेळा पाहून चालणारं पाळणाघर काठावर महिन्याभरात सुरू व्हावं. आणि यंत्र कशाला बंधन म्हणतं, ते तपासलं जावं.

मयुरीने लेकीला उचललं. जुई आली, पण ताठच राहिली. मान आईच्या खांद्यावर टेकली नाही. डोळे दाराबाहेर लागले होते.

"बाईनू," मयुरी हलकेच म्हणाली, "उमटता तसा पुसता पण येता मां? तितकीच घटका पुसा."

येत होतं. आईबापांच्या संमतीने आता परवानगीही होती. पण त्या घटकेसोबत पोरीने आईला मारलेल्या त्या चार हाकाही पुसल्या गेल्या असत्या. शर्वाणीने तसं सांगितलं. "मोठी झाली की तुम्हीच सांगा तिला, का सोडलंत ते."

मयुरी लेकीच्या ताठ पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मी सांगतलंय एक, आणि तिची कातडी सांगतली दुसरा. तुम्ही कोर्टातली मोठी माणसासुद्धा आधी कातडीचाच खरा मानलास. मगे तिणा कोणाचा मानूचा?"