दाराला लागलेले कान

"लाइट काही तासाभरात येत नाही. तोवर खरी घडलेली ऐका," रंगवाले आजोबा जिन्याच्या खालच्या पायरीवर टेकत म्हणाले. वरच्या पायऱ्यांवर इमारतीतली पाच-सहा पोरं-पोरी एकमेकांना चिकटून बसली होती. "आणि ते मोबाइल बंद करा. खिशात नको, बंद."

गोष्ट बाइंडरच्या मुलीची. जानेवारीतला तिसरा गुरुवार. दुपारी ती आजोबांच्या दुकानातून हिरव्या ऑइल पेंटचा डबा घेऊन गेली, घराच्या दाराला बाहेरून एक हात मारला आणि बांधून झालेली रजिस्टरं कचेरीत पोचवायला बापाबरोबर निघाली. पुस्तकं बांधायचा त्यांचा धंदा. बाप पानं जुळवायचा, मुलगी शिवायची. तिचे टाके असे की पान फाटेल, शिवण उसवणार नाही.

बाइंडरकडे आणखी एक ठेवा होता. मंत्र. गुरूच्या तोंडून कानात आलेला. जन्मभर लोकांचे कागद बांधणाऱ्या त्या माणसाने हा मात्र कधी कागदावर उतरू दिला नव्हता. कुणी गेलं की लोक त्याला बोलवायला यायचे. तो मृताच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन दोन भाग म्हणायचा. पहिल्या भागाने जीव भानावर येतो, बोलणाऱ्याकडे वळतो. दुसऱ्याने त्याला वाट दिसते आणि तो जातो. पहिला म्हटला की दुसरा म्हणायलाच हवा. एखाद्याला हाक मारून दारात बोलवायचं आणि आपण आत जाऊन झोपायचं, असं चालतं का?

मुलीने हा मंत्र तीनदा मागितला होता. पंधराव्या वर्षी, मग आई गेली तेव्हा, मग चाळिशी उलटल्यावर. तिन्ही वेळा एकच उत्तर. "तुला अधिकार नाही." बाप पहाटे उजळणी करायचा तेव्हा ती पडद्याआड शिवत बसलेली असायची. तीस वर्षांत सगळं पाठ झालं, पण तिने कधी ओठ हलवले नाहीत. न दिलेलं घ्यायचं नाही, एवढं तिला कुणी न शिकवता कळत होतं. अधिकार आणखी वेगळा काय असतो, ते मला तरी अजून कुणी सांगितलेलं नाही, असं आजोबा म्हणाले.

आणि दिला कुणाला? पुतण्याला. जिभेवर साखर, डोळ्यांत हुकमी पाणी. "काका, तुमच्यामागे हे बुडायचं का हो?" रीत अशी की आधी वर्षभर मृतांच्या उशाशी नुसतं गप्प बसायचं. मग पहिला भाग मिळायचा, आणि तो पोटात राहतो असं दिसलं की दुसरा. पण बाइंडरला खोकल्याने घेरलं होतं, घाई झाली होती. त्याने ते वर्ष माफ केलं आणि पहिला भाग पुतण्याच्या कानात सांगितला. पुतण्या डोळे मिटून ऐकत होता. त्याच्या शर्टाच्या खिशातला मोबाइलही ऐकत होता.

हे उघडं पडलं त्या गुरुवारी, कचेरीबाहेरच्या चहावाल्याकडे. शेजारच्या बाकावरच्या बाईने मोबाइलवर काहीतरी लावलं आणि बाइंडरचा कप हातातच थांबला. आवाज त्याचा होता. मधला खोकलासुद्धा त्याचाच.

"बाई, हे काय लावलंय?"

"मन शांत होतं हो याने. रोज ऐकायचं आणि दहा जणांना पाठवायचं. तुम्हाला पाठवू?"

बाइंडरने तिथूनच पुतण्याला फोन लावला.

"रागावता काय काका? चांगली गोष्ट कोंडून का ठेवायची? चाळीस हजार लोकांनी ऐकलंय!"

"चाळीस हजार जिवंत माणसांनी. त्यांच्या घरांतून जे मेलेले अजून गेलेच नाहीत, त्यांना कुणी मोजलं?"

पुतण्या हसला. "मग दुसरा भागही देऊन टाका. तोही पाठवतो."

बाइंडरने फोन खाली केला. "घरचाच..." एवढंच म्हणाला.

"लोक केसाने गळा कापतात," मुलगी म्हणाली. "तुम्ही तर केसही स्वतःच्याच डोक्याचा उपटून दिलात, बाबा. मी मागत होते तेव्हा मात्र हात आखडला."

घरापर्यंत दोघं रस्त्याच्या दोन कडांनी चालत आली.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. थंडी होती. दाराचा रंग अजून ओला होता.

मग पावलं आली.

एकाची नव्हेत. पुष्कळांची. दारासमोर येऊन थांबली. कडी वाजली नाही, हाक आली नाही.

"कोण आहे?" मुलीने विचारलं.

दारावर काहीतरी हलकेच टेकलं. मऊ. मग आणखी एक. मग आणखी...

"ऐकायला आलेत," बाप म्हणाला. "आवाज माझा. म्हणून दार माझं."

तो दाराशी बसला. फळीला तोंड लावून दुसरा भाग म्हणू लागला. एकदा म्हटला की बाहेरची दोन पावलं वळायची, निघून जायची. पुन्हा म्हणायचा. पुन्हा दोन पावलं. पण एक जाईतो दोघं येत होते.

दोन वाजले. अडीच. खोकला थांबेना. मग खोकलाही गेला. आवाजच गेला.

बाहेर शांत.

मग दार आत दबायला लागलं. फळी करकरली. कडीचा एक खिळा निघून फरशीवर पडला.

"आत आले तर?"

बापाने स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. आवाज जिथे राहतो तिथे... ते राहायला येणार होते.

"मला येतं," मुलगी म्हणाली. "सगळं."

बाप बघत राहिला.

"तीस वर्षं येतंय. पण न दिलेलं म्हटलं, तर त्या चोरून घेणाऱ्यात नि माझ्यात फरक काय? द्या मला. आत्ता."

दुसरा खिळा पडला.

बापाने मान खाली घातली. मग तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. आवाज नव्हताच. नुसता श्वास. शब्द तिच्याकडे होते. देणं तेवढं राहिलं होतं.

तिने दाराकडे तोंड केलं. म्हटलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा...

पहाटे पाचला शेवटची पावलं वळली.

"सकाळी तिने मला बोलावलं," आजोबा म्हणाले. "मला वाटलं, रंगाची तक्रार असेल. बघतो तर त्या हिरव्या रंगात कानांचे ठसे. वरपासून खालपर्यंत. म्हाताऱ्यांचे लोंबते. आणि खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर... बारके."

"बाइंडरचा आवाज परत आला नाही," आजोबा पुढे म्हणाले. "तो गेला तेव्हा त्याच्या कानाशी मुलगीच बसली. आणि ते रेकॉर्डिंग तुमच्यासारख्यांच्या खिशांतून अजून फिरतंय. ती अजून रोज रात्री दाराशी बसते."

वरच्या पायरीवरून कुणीतरी हळूच विचारलं, "संपलं?"

"त्या सकाळी तिने मला आत घेतलं आणि दार लावलं. दार आतून कोरं लाकूड. रंगाचा ब्रश कधी लागलेला नाही. बाप तिच्या कानात सांगत होता, तिथे दाराच्या आतल्या अंगाला, त्या दोघांच्या डोक्यांमध्ये जेमतेम मावेल अशा जागी... एक हिरवा कान उमटला होता."