समासातल्या सह्या

१६ एप्रिल २०२०, गुरुवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नाशिकहून मेव्हण्याचा फोन आला. माझी बायको सुरुची आंघोळ करून बाहेर आली आणि कोसळली. दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती फेब्रुवारीत गेली होती, विमानं बंद झाली आणि तिथेच अडकली. मी इकडे ल्यूकन नावाच्या आयरिश गावात. दहा वाजता फोनवर तिचे अंत्यसंस्कार पाहिले. पाच माणसं होती. मध्ये एकदा रेंज गेली, परत आली.

मग मी खाली आलो आणि जेवलो. आदल्या दिवशीचं वरण होतं, भात ताजा लावला. दोनदा वाढून घेतला, वर लोणचं. ताट धुतलं. दोन वाजता ऑफिसची ऑनलाइन मीटिंग होती, तिला बसलो. रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

हे मी कुणाला सांगितलं नाही. अठरा वर्षांचा संसार, आणि बायकोच्या चितेनंतर अर्ध्या तासात माणसाला भूक लागते. याचा मला एकच अर्थ दिसत होता. माझं तिच्यावर प्रेम नव्हतंच.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दाराची बेल वाजली. बाहेर इथला तो बारीक पाऊस होता, छत्री उघडावी की नाही ते कळू न देणारा. दारात चाळिशीतली एक बाई. चष्म्यावर थेंब, तोंडावर मास्क, छातीशी धरलेल्या पिशवीत एक पुस्तक.

“सुरुची आहे?”

“सुरुची वारली. एप्रिलमध्ये.”

तिने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, “मग हे पुस्तक कुणाकडे देऊ?” आणि लगेच कपाळाला हात लावला. “अरे देवा... काय बोलले मी! माफ करा. मी इथल्या मराठी मंडळींच्या फोनवरच्या ग्रुपवर नसते, मला काहीच कळलं नव्हतं...”

मला बरं वाटलं. चार महिने लोक माझ्याशी पाठ करून आल्यासारखे बोलत होते.

“माझ्याकडे द्या,” मी म्हणालो. “वहीत नोंद करतो.”

सुरुची इथल्या मराठी घरांसाठी वाचनालय चालवायची. चौसष्ट पुस्तकं, सोळा घरं. पुस्तकं ठेवायची हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीशेजारचं कपाट, जिथे इथले लोक टॉवेल वाळवतात. इथल्या ओलीत पानं वाकतात म्हणून. ते कपाट मी एप्रिलपासून टॉवेलापुरतंच उघडत होतो.

“दुसरं हवंय?” मी विचारलं.

“चांगलं कुठलं आहे?”

“माहीत नाही. मी वाचत नाही.”

“घरात चौसष्ट पुस्तकं, आणि वाचत नाही?”

“मी औषधाच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर वाचतच असतो.”

“काय?”

“बॅच रेकॉर्ड. औषधाचा एकेक घाणा कसा बनवला त्याच्या नोंदी.”

“त्यात प्रेमात कोण पडतं?”

“पडलं तर नियमभंग म्हणून डेव्हिएशन लिहावं लागतं.”

ती हसली. मास्कमागेही कळलं. “असं करा, कुठलंही एक काढा आणि तुम्ही वाचा. मी पुढच्या शनिवारी येते. चांगलं आहे म्हणालात तर नेईन.”

“आठवड्यात होणार नाही.”

“तुमचं ते रेकॉर्ड किती पानांचं असतं?”

“चारशे.”

“कादंबरी तीनशेची असते. शंभर पानं सूट. ग्रँड?” इथे ‘ठीक’ला ग्रँड म्हणतात.

नाव रोहिणी मोहोळकर. जवळच्याच क्लोनडॉकिनला एकटी राहायची, घटस्फोटाला सहा वर्षं झालेली. चिपच्या कारखान्यात इंजिनिअर.

मी एक हिरवं पुस्तक काढलं आणि मला येत होतं तसंच वाचलं. आमच्या कामात प्रत्येक पान तपासायचं असतं. काही जुळलं नाही की बाजूला लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. खोडायचं झालं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. पांढरी शाई चालत नाही, पेन्सिल चालत नाही. मी एकोणीस वर्षं हेच केलंय. हातात पेन कधी आलं तेही कळलं नाही.

पुढच्या शनिवारी रोहिणीने दारातच पुस्तक उघडलं आणि ती किंचाळली.

“वाचनालयाच्या पुस्तकावर लिहिलंत? पेनानं?”

“पेन्सिल चालत नाही.”

ती मोठ्याने वाचू लागली. “‘पान ४१. नायिका गच्चीवर जाते. पान १२ प्रमाणे घर कौलारू आहे. गच्ची आली कुठून? चं. ना.’ ही तुमची सही, आणि खाली तारीख!” ती दाराच्या चौकटीला टेकून हसत होती. “हे मी नेते. पुस्तक कसंही असो.”

आठवड्याने पुस्तक परत आलं. माझ्या नोंदीखाली हिरव्या शाईत लिहिलं होतं, ‘मूळ कारण : प्रेमात पडली आहे. गच्ची लागतेच. रो. मो.’ आणि तारीख. त्यांच्या कारखान्यातही हीच पद्धत. चूक सापडली की मूळ कारण शोधायचं.

तसं ते चालू झालं. आठवड्याला एक पुस्तक, मी काळ्या शाईत, ती हिरव्या. एका कथेत मुलगा सहा वर्षं बापाशी बोलत नाही, आणि बाप आजारी पडल्यावर काही न बोलता उशाशी येऊन बसतो. मी लिहिलं, ‘वागण्यात बदल. कारण दिलेलं नाही.’ खाली हिरव्या शाईत आलं, ‘तुमचं तुमच्या वडिलांशी कसं आहे?’

बरं नव्हतं. मी परदेशी राहिलो म्हणून ते नाराज होते आणि मी सणासुदीला दोन मिनिटं बोलायचो. त्या रविवारी मी साताऱ्याला फोन केला. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून त्यांना ती कथाच सांगितली. वडील म्हणाले, “मग पुढं काय झालं त्या बापाचं?” पाऊण तास बोललो.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा सगळं बंद झालं. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. रोहिणीचं घर माझ्यापासून पाच पूर्णांक चार. मी तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी मोजून पाहिलं.

“मोजलंत?” ती फोनवर म्हणाली.

“माहिती असावी म्हणून.”

“हो का? मीही मोजलं... माहिती असावी म्हणून.”

मग आम्ही मधल्या ग्रिफीन पार्कमध्ये भेटू लागलो. व्यायामाला परवानगी होती. ओढ्याजवळच्या बाकावर मी पुस्तक ठेवायचं, दोन मीटर मागे सरकायचं, मग तिने उचलायचं. वारा असा की डोळ्यांतून पाणी. ती पुस्तक गालाला लावायची.

“गरम आहे अजून.”

“कपाट गरम असतं.”

“कपाट तिकडे, बाक इकडे. टॉवेलात गुंडाळून आणता ना?”

मी ओढ्याकडे पाहिलं.

“चंद्रहास, तुमचे कान लाल झालेत.”

“थंडी आहे.”

“हं... थंडीच असेल.”

जानेवारीत निळ्या कव्हरची एक कादंबरी वाचायला घेतली. आडगावचा एक स्टेशनमास्तर. बायको जाते. तो स्मशानातून घरी येतो, शेजारणीने ठेवलेली फणसाची भाजी आणि भात दोनदा वाढून घेतो, भांडी घासतो आणि पाचच्या गाडीला हिरवा बावटा दाखवायला जातो.

मी पुस्तक मिटलं. फिरून आलो. परत उघडलं. मग समासात लिहिलं, ‘विसंगती. बायको गेल्याच्या दिवशी कुणी असं जेवत नाही. लेखकाला अनुभव नसावा. चं. ना.’ आणि तारीख.

एकोणीस वर्षांत मी सही करून खोटं लिहिलेलं ते पहिलं पान. शनिवारी पुस्तक बाकावर ठेवलं तेव्हा हात मागे येईना. तिने नेलं. पुढचे सात दिवस मला नीट झोप नव्हती. तिला ती नोंद पटली, तर मी कसा माणूस आहे ते ठरलं. आणि तिला त्यामागचं काही दिसलं, तर—

शनिवारी ती आली, पुस्तक बाकावर ठेवलं आणि नेहमीसारखी थट्टा केली नाही. मी उभ्यानेच पान काढलं. हिरव्या शाईत दोन ओळी होत्या. ‘बाबा गेले त्या दिवशी मी श्रीखंड खाल्लं होतं. वाटी चाटून. आजवर कुणाला सांगितलं नाही. रो. मो.’

मी बाकावर बसलो.

“वरणभात,” मी म्हणालो. “दोनदा घेतला. वर लोणचं.”

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, दोन मीटरवर.

“मीटिंगलाही बसलो. रोहिणी, मला वाटलं होतं... मला वाटत होतं, माझं तिच्यावर...” पुढे बोलता येईना. नऊ महिने न आलेलं रडू त्या बाकावर आलं. मोठ्याने आलं. एक आजी कुत्र्याला घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या, “आर यू ऑलराइट, लव?” म्हणाल्या. रोहिणीने त्यांना सांगितलं, “ही इज ग्रँड. ही इज जस्ट रीडिंग.”

मला रडता रडता हसू आलं.

नंतर तिने विचारलं, “त्या दिवशी जेवताना ताट कुठलं घेतलंत?”

आठवायला वेळ लागला. “तिचं.”

“रोज कुठलं घेता?”

“माझं.”

“मग?” ती म्हणाली. मी खिशातून पेन काढलं आणि माझ्या नोंदीवर एक रेघ मारली. सही केली, तारीख घातली. कारणाच्या जागी लिहिलं, ‘मीही जेवलो होतो.’

तो स्टेशनमास्तर कधी जन्माला आलेलाच नाही. पण माझ्याबद्दल त्याला माझ्या भावापेक्षा जास्त माहीत होतं. तोवर मी पुस्तकांतली माणसं तपासत होतो, कुठे चुकतात ते बघायला. माणूस दुःखात जेवतो, भांडून आठवण काढतो, घर कौलारू असलं तरी गच्चीवर जातो. मीही त्यातलाच निघालो. घरी चालत जाताना मला शिट्टी वाजवावीशी वाटली, आणि मी वाजवली. सुरुचीवर माझं प्रेम होतं. मोठ्या आवाजात सांगू शकत होतो. रस्त्यात कुणी नव्हतं म्हणून सांगितलंही.

१२ एप्रिल २०२१ ला पाच किलोमीटरची अट उठली. सोमवार होता, आमचा वार नव्हे. संध्याकाळी सहाला फाटकापाशी रोहिणी उभी, हातात पुस्तक नाही, काही नाही.

“आज काय परत करायला आलात?” मी म्हणालो.

“काहीच नाही. रस्ता उघडला, म्हणून बघायला आले... खरंच पाच पूर्णांक चार आहे का.”

“आहे?”

“पाच पूर्णांक सहा. तुमचं मोजमाप चुकलं. मूळ कारण सांगा.”

मी फाटकाची कडी धरून उभा होतो. काढावी की राहू द्यावी—

“रोहिणी, मला शनिवार पुरत नाही.”

“बरं... रविवारही देऊ?”

“सगळे वार दे.”

‘दे’ म्हणालो ते दोघांच्याही लक्षात आलं. तिने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, परत घातला.

“कारण?” ती हळूच म्हणाली.

“तू आवडतेस.”

“एवढंच? तीन ओळी तरी लिहितोस एरवी.”

“एवढंच.”

“सही करशील?”

“जिथे सांगशील तिथे.”

तिने कडी स्वतःच काढली. मास्क, मीटर, सगळं बाजूला राहिलं, आणि तिचा हात माझ्या हातात आला. गार होता. मी दोन्ही हातांत धरून ठेवला.

ऑगस्टमध्ये आम्ही रजिस्ट्रारकडे नोटीस दिली. इथे लग्नाआधी तीन महिन्यांची नोटीस लागते. १९ नोव्हेंबर, शुक्रवार, ही तारीख मिळाली आहे. साताऱ्याला वडिलांना सांगितलं, ते म्हणाले, “त्या पुस्तकवाल्या पोरीला फोनवर दे.” वाचनालयात आता ब्याण्णव पुस्तकं आहेत, सगळ्या घरांनी समासात लिहायला सुरुवात केली आहे आणि सह्या मला ओळखू येतात.

नाशिकला सुरुचीच्या आईंना मी दर रविवारी फोन करतो. त्यांना यातलं काहीही अजून सांगितलेलं नाही.