क्यूच्या खुंटीवरचे आकडे

शिडी चढून वर गेले ती भांडायलाच. हातात सामन्याची पुस्तिका, डोक्याला भिजलेला रुमाल, आणि मध्यंतराची दहाच मिनिटं.

"अहो, क्यूवर आकडे कुणी टांगले?"

मैदानातल्या गुणफळ्यामागच्या लाकडी माळ्यावर एक उंच तरुण पत्र्याचे आकडे पुसत उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चिखलभरल्या बुटांकडे.

"तुमच्या ऑफिसात आधी नमस्कार म्हणायची पद्धत नाही वाटतं?"

"आहे. पण चुका करणाऱ्यांना नाही म्हणत."

दुसऱ्या मैदानांवर काय चाललंय ते आम्ही मध्यंतरात या फळ्यावर लावत असू. प्रत्येक सामन्याला एक इंग्रजी अक्षर, आणि कुठलं अक्षर कुठल्या सामन्याचं ते पुस्तिकेत. पुस्तिका मी टाइप करायची, आकडे त्यानं टांगायचे. क्यू हे अक्षर मात्र कधीच वापरत नव्हतो, दुरून शून्यासारखं दिसतं म्हणून. त्याची नुसती खुंटी होती, जन्माची रिकामी.

"मी नाही टांगले," तो म्हणाला. "या, हात लावून बघा."

लावला. पत्रा बर्फासारखा गार, आणि बोटांना लागलं ते… मीठ. शून्य–दोन. त्याच्या आकड्यांतला तर एकही कमी नव्हता.

पुढच्या शनिवारी आम्ही शून्य–दोननं हरलो.

त्याचं नाव ऑस्टिन टायसन. आठवडाभर गोदीत वेल्डिंग, शनिवारी आमचा फळा. मी लॉर्ना फेरन, मॉसगिल टाउन फुटबॉल क्लबच्या ऑफिसातली एकुलती एक कारकून. हा क्लब काढला तो समुद्राखालच्या कोळसाखाणीतल्या पोरांनी. वर समुद्र, खाली कोळसा, मधे माणूस. एका वर्षी त्या पोरांनी लंडनच्या बड्या संघाला चषकातून घरी धाडलं, आणि त्याच वर्षी खाणीत पाणी शिरलं. अकरांतले पाच खालीच राहिले. तेव्हापासून आमचं नशीब घसरत घसरत आता लीगच्या तळाला टेकलं होतं. तळाच्या क्लबांना जूनमध्ये लंडनला हात जोडून उभं राहावं लागे. यांना ठेवायचं की काढायचं, त्यावर बाकीचे क्लब मतं देत.

ऑस्टिननं क्यूच्या खुंटीवर फळी ठोकून टाकली. पुढच्या सामन्याला गेलो तर फळी खाली आडवी, चारही खिळे शेजारी ओळीनं मांडलेले, आणि खुंटीवर एक–चार.

"खिळे सरळ करून ठेवलेत," तो हळूच म्हणाला. "माझ्यापेक्षा नीटनेटका आहे."

मी हसले… पण त्याची बाही सोडली नाही.

"घाबरलीस?" तो मला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होता.

"बाहीला तेल लागलंय तुझ्या. ते बघतेय."

"इतका वेळ?"

"खूप तेल आहे."

असेच शनिवार गेले. चिप्सच्या कागदाला व्हिनेगरचा वास, दोघांत एक कप चहा, आणि पाठीमागे ती खुंटी. तिच्यावरचा आकडा एकदाही चुकला नाही. मार्चमध्ये ऑस्टिन सहज सांगावं तसं म्हणाला, "भाऊ कॅनडाला बोलावतोय. क्लब लीगमध्ये राहिला तर मीही राहीन. नाहीतर जातो."

मी पुस्तिकेचा कोपरा दुमडत राहिले. "बरं," म्हणाले. नुसतं… बरं.

हंगामातल्या शेवटच्या सामन्याला समुद्रावरून धुकं चढलं. मध्यंतरात मी शिडी चढले तेव्हा मला माझे हातसुद्धा दिसेनात. माळ्यावर पाऊल ठेवलं, आणि कुणीतरी माझा हात हातात घेतला. हळुवार. गार. ओला. आज बोलायचंच, असं ठरवूनच मी आले होते.

"जाऊ नकोस," मी म्हणाले. "क्लबचं काहीही होवो… माझ्यासाठी राहा."

ती बोटं किंचित घट्ट झाली. मग त्यांनी माझा हात अलगद खुंटीपाशी नेला. मी चाचपून वाचलं. एक, सात. तीन, शून्य.

"लॉर्ना?" ऑस्टिनचा आवाज खालून आला, शिडीच्या पायथ्यापासून. "चहा आणलाय. वर कुणाशी बोलतेस?"

हातात कुणाचा हात नव्हता. तळव्यावर मीठ होतं.

खाली उतरल्यावर आकडे सांगितले तर तो म्हणाला, "सतरा–तीस? फुटबॉल आहे की क्रिकेट?" मग माझ्या ओठांकडे पाहत, "आणि काय बोलत होतीस?"

"काही नाही. धुक्याला शिव्या देत होते."

जूनमधल्या त्या दुपारी लंडनहून आमच्या अध्यक्षांचा फोन आला. आवाज विझलेला. "लिहून घे गं पोरी. आपल्याला सतरा मतं. आपल्या जागेवर येणाऱ्या नव्या क्लबला तीस."

मी लिहिलं नाही. ते मला पाठ होतं.

ऑस्टिन गोदीतून अर्धी रजा टाकून आला होता, खिडकीशी उभा होता. बाहेर फाटकाशी शे-दीडशे माणसं निकालाची वाट बघत होती. त्यानं माझा चेहरा पाहिला.

"सतरा?"

"सतरा."

"म्हणजे… तिकीट काढायला हवं." हे तो खिडकीच्या काचेला म्हणाला.

"त्या दिवशी धुक्यात मी तुझ्याशी बोलत होते," मी म्हणाले. "तू नव्हतास, पण तुझ्याशीच."

"काय म्हणालीस?"

जो कोणी होता, त्याला किती सहज सांगून टाकलं होतं. ज्याला सांगायचं, तो आता समोर होता.

"राहा," मी म्हणाले. "क्लब गेला तरी… तू राहा."

तो खुर्चीत बसलाच. "क्लबवर टाकलं होतं, कारण तुझ्यावर टाकायची छाती नव्हती. आणि तू म्हणालीस, बरं."

"गाढव आहेस."

"आहे ना."

बाहेर जाऊन कुणीतरी सांगायला हवं होतं. त्यानं माझा हात धरला. उबदार, खरखरीत, तेलकट हात. दार उघडलं. शे-दीडशे चेहरे वळले. त्यांना आमचे लाल झालेले गाल दिसले, गुंतलेली बोटं दिसली, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "राहिलो रे, राहिलो!"

टोप्या हवेत उडाल्या. म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. ऑस्टिननं माझा हात घट्ट दाबला, आणि मी पायरीवर उभी राहून त्यांच्या टोप्या खाली यायची वाट पाहत राहिले.