टाकीतले बुडबुडे

लाइट येईपर्यंत गच्चीवरच बसा. ही गोष्ट माझ्या ओळखीतल्या उत्तमची. संगमेश्वरकडचा माणूस, गोडदेव गावाच्या मागं कारखान्याच्या एका गाळ्यात टूलमेकर, म्हणजे साचे बनवणारा कारागीर होता. तिथं बोटाएवढ्या पोलादी नळकांड्या बनायच्या. आत दाबून भरलेला गॅस, तोंडाला पत्र्याचं सील. समुद्रावर घालायच्या जाकिटात ती नळकांडी बसते. दोरी ओढली की सुई सील फोडते आणि जाकीट फुगतं.

सील पातळ झालं तर गॅस झिरपतो, जाड झालं तर सुई अडते. आधीचा माल गळला, म्हणून शेठ जयकुमारभाईंनी मागं लागून सील केसभर जाड करून घेतलं. गाळ्यात तपासताना सगळी सीलं नीट फुटली. ती नळकांडी बसवलेलं पहिलं जाकीट उत्तमनं स्वतःच्या हातानं आपल्या दोस्ताला, किनाऱ्यावरच्या चौक गावच्या पंढरीनाथला दिलं. पंढरी ते घालूनच मासेमारीला गेला.

दोन हजार सहा साल. सर्वपित्री अमावस्येची रात्र. नवा माल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवला होता. गळत असेल तर बुडबुडा येतो. सकाळी माल जायचा होता. तेव्हा जेवण झाल्यावर उत्तम, एकदा बघून येतो, असं बायकोला, शालूला सांगून निघाला. गाळ्यात कोणी नव्हतं. त्यानं ट्यूबलाइट लावली, टाकीत डोकावला.

एका कोपऱ्यातून बुडबुडे येत होते.

तिथली नळकांडी काढून त्यानं काट्यावर ठेवली. वजन बरोबर. गॅस जागच्या जागी. वळून पाहिलं, तर त्याच कोपऱ्यातून बुडबुडे येतच होते. त्यानं शेजारची काढली. मग सगळीच काढली.

टाकीत नुसतं पाणी.

बुडबुडे थांबेनात. भराभर यायचे... मग काहीच नाही... मग पुन्हा भराभर. माणूस धापा टाकतो ना, तसे.

आणि पाण्याच्या तळातून आवाज आला. टक्.

तो आवाज त्याच्या कानांच्या ओळखीचा. सुई सीलवर आपटते आणि सील फुटत नाही, तेव्हाचा.

टक्... टक्...

त्यानं पंढरीच्या घरी फोन लावला. लक्ष्मीवहिनींनी उचलला.

"होडी अजून न्हाय आली, भावजी. बत्ती पन दिसत न्हाय. का वो?"

तो एवढंच म्हणाला, की बंदरावरच्या लोकांना उठवा, होड्या काढायला सांगा. लोक निघालेही. पण अमावस्येच्या काळोखात शोधायचं कुठं?

जाकिटाला तोंडानं फुंकायची एक नळी असते. ती पंढरीला दाखवायची राहून गेली होती. उत्तम टाकीच्या काठावर वाकला, तोंड पाण्याला टेकेपर्यंत.

"पंढरी, खांद्याजवळ नळी आहे. ती तोंडात धर. फुंक."

बुडबुडे थांबले... ऐकत असल्यासारखे.

"डाव्या खांद्याजवळ. चाचप."

टक्.

त्याला ऐकूच जात नव्हतं. तो दोरीच ओढत होता.

उत्तमनं दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले. तळ लागला. दुसरं काहीच लागलं नाही. बुडबुडे त्याच्या बोटांमधून वर येत होते. बारीक झाले. मग एक आला... मग कितीतरी वेळानं एक...

मग नाही.

पहाटे होडी आली, पंढरीशिवाय. जाळं ओढताना त्याचा तोल गेला होता. खलाशांनी दोर फेकला, पण पाण्याच्या ओढीनं त्याला लांब नेलं. तो जाकिटाची दोरी पुन्हा पुन्हा ओढत होता, एवढं त्यांना बत्तीच्या उजेडात दिसलं. दुसऱ्या दिवशी प्रेत किनाऱ्याला लागलं. अंगात जाकीट, सपाट. सीलवर सुईचे पोचे.

उत्तम पुन्हा त्या मशीनवर बसला नाही. पण काम सोडून जायच्या आधी त्यानं टाकी स्वतः उपसली, पुसायला उद्या येतो म्हणाला. टाकीत पाणी नगरपालिकेच्या नळाचं होतं, त्यानंच भरलेलं.

दुसऱ्या दिवशी टाकी सुकली होती. तळाशी पांढरा थर धरला होता. त्यानं बोट लावून जिभेवर ठेवलं.

मीठ.