तारेचा वाटा

"चारशे वॅट," डॉ. रेगे म्हणाले आणि पडद्यासमोरून बाजूला झाले. "ऋजुता, बाळा, आत कोणी नाही. म्हणजे… जिवंत कोणी नाही."

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या त्या तळावर ऋजुताने पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. खाली, जिथे ऊन कधीच पोहोचत नाही अशा विवरात तिची आई अडकली होती. डॉ. निरुपमा बर्फाचे नमुने आणायला गेल्या आणि दरड कोसळली. संदेशयंत्र बंद पडलं, वाट बुजली. आडोसा उरला तो उबकोशाचा: विजेवर गरम राहणारी, एका माणसापुरती बंद खोली.

उबकोशाला तळावरून अतिवाहक तार जायची. विवरातल्या भयंकर थंडीत त्या तारेचा रोध शून्य, त्यामुळे वाटेत वीज जराही वाया जात नसे. आतलं तापमान वीस अंश राहील एवढं विभवांतर तळावरचा संगणक आपणहून देत राही. त्याचं नाव मुनीम, कारण तो सतत वॅट मोजायचा.

"नियम तुला माहीत आहे," रेगे म्हणाले. "रिकामा उबकोश गरम ठेवायला चारशे वॅट लागतात. जिवंत माणूस ही शंभर वॅटची शेगडीच असते. तो आत असला की तीनशे पुरतात. सकाळी तुझी आई आत होती, तेव्हा तीनशे होते. दरडीनंतर चारशे झाले."

"शेगडी विझली, असंच ना?"

सूर्य वर यायला अवकाश होता. बॅटरीत उरलेली वीज प्राणवायूच्या यंत्राला तरी द्यायची, नाहीतर उबकोशाला आणि सुटकेच्या गाडीला. तळावरच्या माणसांना श्वासाला हवा लागणार होती.

रेग्यांचा हात दुसऱ्या, निरुपमाबाईंच्या उबकोशाच्या बटणावर गेला. शेजारचं पहिलं बटण तीन वर्षं बंद होतं. त्यावर कागदी झेंडू चिकटवलेला होता आणि कामावर येणारा प्रत्येक जण आधी त्याला बोट लावून नमस्कार करायचा. ही रीत रेग्यांनीच घातली होती. त्यांची पत्नी वसुमती अशाच दरडीमागे पहिल्या उबकोशात अडकली होती. तेव्हाही पडद्यावर चारशे आले होते. इतरांना वाचवण्यासाठी ते बटण रेग्यांनी स्वतः बंद केलं होतं.

"थांबा काका! मुनीम, मला वॅट नकोत. विभवांतर आणि धारा वेगवेगळी सांग."

असं इथे कोणी विचारतच नसे. तार शून्य रोधाची, हीटर ठरलेला. मग रोध कशाला काढायचा? वॅट बघायचे आणि कामाला लागायचं.

"विभवांतर दोनशे व्होल्ट. धारा दोन अँपिअर," मुनीम म्हणाला.

"दोनशे दुणे चारशे," रेगे थकून म्हणाले. "तेच झालं ना?"

"गुणू नका, भागा! दोनशे भागिले दोन, शंभर ओहम. पण हीटर पंचाहत्तरचा आहे, काका. वरचे पंचवीस कुठून आले?"

"हीटर तापला असेल."

"निक्रोमचा आहे तो! तापून रोध एवढा वाढत नाही. आणि खोली रिकामी असती तर हीटरला जास्त धारा लागली असती. सकाळीही दोनच होती ना, मुनीम?"

"होय. दीडशे व्होल्ट, दोन अँपिअर."

"बघा! धारा हललीच नाही. दरड तारेवर पडली. तार पिचली, अतिवाहक राहिली नाही. ते पंचवीस ओहम तिचे आहेत. धारेचा वर्ग गुणिले रोध. चार गुणिले पंचवीस, शंभर वॅट वाटेतले दगड तापवण्यात जातायत. आईकडे पोचतात तीनशेच. शेगडी चालू आहे, काका. हात काढा."

रेग्यांनी हात काढला.

बॅटरीचा तळ गाठून गाडी गेली. सगळे अंथरुणावर पडून, कमीत कमी श्वास घेत थांबले. गाडी परतली तेव्हा निरुपमाबाईंचे ओठ निळे पडले होते, पण जीभ शाबूत होती. "एवढा उशीर? पाढे विसरलीस का गं?"

ऋजुता हसली, रडली, पुन्हा हसली. रेगेकाकांनाही मिठी मारायची म्हणून ती नियंत्रण कक्षाकडे धावली आणि दारातच थबकली.

"मुनीम," रेगे विचारत होते, "वसुमतीच्या वेळी मी बटण बंद केलं, तेव्हा विभवांतर किती होतं? आणि धारा?"

"दोनशे व्होल्ट. दोन अँपिअर."

हीटर तसाच, पंचाहत्तरचा. रेग्यांच्या पाठीकडे बघतानाच ऋजुताचा भागाकार झालेला होता. नको असताना झाला.

पुढे सूर्य वर आला, बॅटरी भरली. रेग्यांनी कागदी झेंडू नखाने हळूच सोडवून खिशात ठेवला आणि पहिलं बटण चालू केलं. खाली विवरात तीन वर्षं गोठलेली खोली तापू लागली. तिला बराच वेळ लागला. कोणी त्यांना अडवलं नाही, कोणी जवळही गेलं नाही.

"आत वीस अंश," शेवटी मुनीम म्हणाला.

रेग्यांनी विभवांतर विचारलं, धारा विचारली, आधी भागलं, मग गुणलं. या वेळी त्यांनी तारेचा वाटा वजा केला.

उरले पूर्ण चारशे.